पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर

खंडेनवमीच्या सकाळी साडेनऊ वाजता मारुतीरावांनी आपला स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या हातांनी पाटावर मांडला, त्याला हळदीकुंकू लावलं, त्याचा फोटो काढला आणि तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची हत्यारं.' दुपारी तीनपर्यंत हा स्क्रू ड्रायव्हर आपल्याला केवढा महागात पडणार आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. साडेनऊला ते फार खुशीत होते.

अनगोळच्या त्या गल्लीत मारुतीराव म्हणजे संगणकाचे डॉक्टर. ही पदवी त्यांनी स्वतःच घेतली होती, पण कुणी हरकत घेतली नव्हती. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढून पाच वर्षांपूर्वी ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पहिले काही महिने जुन्या ऑफिसातून फोन येत. 'साहेब, अमकी फाईल कुठल्या कपाटात?' मग ते फोन थांबले. फायली सापडू लागल्या की कुणाला नकोशाच झाल्या, देव जाणे. मारुतीरावांना त्याचं फार लागलं. अख्ख्या दिवसात आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे दुःख भोगल्याशिवाय कळत नाही. तशात मुलगा युवराज नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि जाताना आपला जुना संगणक घरी ठेवून गेला. मारुतीराव त्याच्यापुढे बसले ते बसलेच.

महिन्याभरात त्यांना माऊस नीट धरता येऊ लागला, दोन महिन्यांत ते युवराजलाच फोनवरून सूचना देऊ लागले, आणि सहाव्या महिन्यात ग्रुपवर 'आजची टीप' सुरू झाली. 'संगणक अडकल्यास बंद करून पुन्हा चालू करावा.' 'चालू न झाल्यास आधी प्लग पाहावा, मग कंपनीला शिव्या द्याव्यात.' 'महत्त्वाच्या फायली दोन ठिकाणी ठेवाव्यात.' सगळं हेडक्लार्कच्या भाषेत, खाली तारीख आणि नाव. खंडेनवमीपर्यंत अशा दोनशे बारा टिपा झाल्या होत्या. लोक त्या वाचत की नाही कोण जाणे, पण कुणाचा माऊस हलेनासा झाला की फोन यायचा, "मारुतीराव, जरा सांगा की वो." मग मारुतीराव घरबसल्या सांगत, "तार काढा, परत लावा." दहांतून आठ वेळा तेवढ्यानं भागायचं आणि मारुतीरावांना त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जायच्या.

आता गोष्ट याच्याही पुढे गेली होती. निपाणीच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाला आपल्या सभासदांसाठी संगणकाचा वर्ग काढायचा होता. आठवड्यातून दोनदा येऊन शिकवणारा माणूस हवा होता. उमेदवार दोनच. एक बोरगावचे निवृत्त प्राध्यापक आणि दुसरे मारुतीराव. दोघांनी 'घरचा संगणक : निगा आणि किरकोळ दुरुस्ती' या विषयावर ऑनलाइन बोलायचं आणि सभासदांनी एकाला निवडायचं, असं ठरलं होतं. प्राध्यापकांचं भाषण गेल्या रविवारी झालं. अगदी बिनचूक झालं असं कानावर आलं होतं. मारुतीरावांची पाळी होती खंडेनवमीला, संध्याकाळी पाच वाजता. सणाचा दिवस मंडळानं मुद्दाम निवडला होता, कारण सुट्टीला नातवंडं घरी असतात आणि आजी-आजोबांना फोन जोडून देतात. मारुतीरावांना हा वर्ग काहीही करून हवा होता. आठवड्यातून दोन दिवस चाळीस माणसं आपल्याला प्रश्न विचारणार, या विचारानंच त्यांना झोप लागत नव्हती. निपाणीला जायला त्यांनी नवीन चपलासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या.

अडचण होती ती घरात. पत्नी गुणाबाईंचं माहेर काकतीचं, शेतकऱ्याचं. खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्या माहेरचा कायदा. सासरी शेती उरली नव्हती, पण कायदा गुणाबाईंनी जसाच्या तसा सोबत आणला होता.

"कॉम्प्युटर पण मांडायचा," त्यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं. "दरसाल मांडतोय."

"अगं, उद्या पाचला माझा कार्यक्रम हाय."

"मग? चार सालं पूजा घेतली त्यानं. आता कामाच्या टायमाला देव नगं व्हय?"

"उचलायचं न्हाय म्हटल्यावर मी बोलू कशावर? विळीवर?"

"माझ्या थोरल्या भावानं एकदा खंडेनवमीला कुऱ्हाड उचलली. वरीसभर त्याला काय ना काय लागालतंच. बोट, न्हायतर नडगी. शेवटाला तर म्हशीनं लाथ घातली."

"म्हशीचा आणि कुऱ्हाडीचा काय संबंध?"

"तेच तर कुणाला कळलं न्हाय," गुणाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

शेवटी मारुतीरावांनी कागद घेतला आणि ऑफिसातल्यासारखा तोडगा लिहून काढला. जे पाटावर मांडलं, ते पूजेतलं. ते उचलायचं नाही. ज्याला जागेवरच फूल वाहिलं, ते कामातलं. ते वापरता येईल. गुणाबाईंनी दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली. आपण बायकोला नियमात बांधलं, याचा मारुतीरावांना इतका आनंद झाला की त्याच नियमात आपणही बांधले गेलो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी पाट मांडला. विळी, कात्री, अडकित्ता, एक खुरपं. दारातली स्कूटर धुऊन पुसून हार घालून पाटाच्या रांगेत आणून उभी केली. संगणक वगळल्यावर पाट जरा रिकामा दिसू लागला, म्हणून मारुतीरावांनी आपली दुरुस्तीची पेटी काढली आणि दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर असं सगळं ओळीनं मांडलं. ही पेटी त्यांनी हौसेनं घेतली होती. आतापर्यंत तिचा उपयोग फोटोपुरताच झाला होता, त्यामुळे हत्यारं कोरी करकरीत होती.

संगणकाला गुणाबाईंनी जागेवरच पुजलं. पण ज्या यंत्राची आज परीक्षा, त्याची पूजा यथास्थित व्हायला हवी, म्हणून त्यांनी हात सैल सोडला. सीपीयूच्या डब्यावर झेंडूचा भरगच्च हार, वरून मूठभर अक्षता, हळद, कुंकू. उदबत्ती त्यांनी डब्याच्या मागच्या जाळीत खोचली, कारण ती तिथं बरोबर बसत होती.

तीन वाजता मारुतीराव तालमीला बसले. बटण दाबलं. संगणक चालू झाला, आणि आतून असा आवाज आला, की जणू कुणी पापड कुस्करतंय. चार मिनिटांनी उदबत्तीचा वास सुटला. पाचव्या मिनिटाला संगणक बंद पडला.

मारुतीराव घाबरले नाहीत. त्यांच्याजवळ दोनशे बारा टिपा होत्या. त्यांनी बंद करून पुन्हा चालू केला. प्लग पाहिला. तार काढून परत लावली. हार बाजूला काढला. दहा मिनिटं थंड होऊ दिला. प्रत्येक वेळी संगणक पापड कुस्करायचा आणि बंद पडायचा. मग त्यांना आपलीच नववी टीप आठवली. 'पंख्याचा आवाज आल्यास डब्याची बाजू उघडून आतील कचरा मऊ ब्रशने काढावा.' बाजू उघडायला चार स्क्रू होते. मारुतीरावांनी वळून पाटाकडे पाहिलं. पाटाच्या पलीकडे गुणाबाई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

"गुणा," मारुतीराव मऊ आवाजात म्हणाले, "तो बारका स्क्रू ड्रायव्हर..."

"पाटावर हाय."

"दोन मिनिटांसाठी."

गुणाबाईंनी पदराआडून कालचा कागद काढून दाखवला.

मारुतीरावांनी नाण्यानं प्रयत्न केला. नाणं घसरलं. चमच्याचं टोक घालून पाहिलं, चमचा वाकला. गुणाबाई दुष्ट नव्हत्या. त्या स्वतः उठून उलथनं घेऊन आल्या. "ह्ये हत्यार न्हवं. ह्ये चालतंय," त्या म्हणाल्या. उलथनं त्या खाचेत शिरायला अर्धा इंच जाड होतं. "मग फोनवरनंच बोला की," त्यांनी सुचवलं. "फोन कुठं हत्यार हाय? खेळणं हाय ते."

"कॉम्प्युटरची निगा सांगायची आणि ती फोनवरनं?" मारुतीरावांचा आवाज चिरका झाला. "लोक काय म्हणतील?"

साडेतीन वाजता ते शेजारच्या अंबुबाईंच्या दारात उभे होते. अंबुबाईंकडे शिलाई मशीन, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर असणारच.

"हाय की," अंबुबाई म्हणाल्या. "पर मशीनसंगट पाटावर बसवलाय. तुमी फोटो टाकला न्हवं सकाळी? त्यो बघूनच मला आठवलं. आदुगर आमी नुसती मशीनच पुजत हुतो."

पुढच्या तीन घरांत हेच. मारुतीरावांचा फोटो बघून अख्ख्या गल्लीनं आपापले स्क्रू ड्रायव्हर शोधून काढून पाटावर मांडले होते. एरवी हे सगळे माळ्यावर किंवा चपलांच्या रॅकमध्ये धूळ खात पडलेले असायचे. आज त्यांना कुंकू लागलं होतं आणि मारुतीराव त्यांच्याकडे नुसते बघू शकत होते. शेवटी ते चालत चालत आदर्शच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकान उघडं होतं. काउंटरवर केळीचे खुंट बांधलेले, आणि आत सगळी अवजारं एका मोठ्या ताटात, हार घालून.

"या सर, या," आदर्शनं पेढा पुढे केला. "प्रसाद घ्या."

"आदर्श, एक स्क्रू ड्रायव्हर दे. लई निकड हाय."

"सर, आज? माझे वडील त्या खुर्चीत बसल्यात, बघा. मी ताटाला हात लावला तर मलाच भाईर काढतील. परवा या, फुकट करून देतो." मग त्यानं आवाज उतरवला. "पर सर, तुमाला काय लागतंय? तुमच्या टिपा माझ्या दुकानात भिंतीवर लावल्यात मी."

मारुतीरावांनी पेढा खाल्ला. भिंतीकडे न बघता ते बाहेर पडले.

परत येताना सव्वाचार झाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे पाय थबकले. गल्लीतल्या एका घरात पाट मांडलेला नव्हता. भीमाप्पांच्या. ते बौद्ध, त्यांच्याकडे खंडेनवमीची पूजा नसते. दुसऱ्या दिवशीच्या धम्मदिनाची त्यांची तयारी चालू असणार. भीमाप्पा आयटीआयमध्ये तीस वर्षं शिक्षक होते आणि त्यांच्याकडे एक नाही, भिंतभर स्क्रू ड्रायव्हर होते. हे मारुतीरावांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण त्यांच्या दारात जायचं तोंड नव्हतं.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी मारुतीरावांनी टीप टाकली होती, 'काम झाल्याबरोबर संगणक टॉवेलने झाकून ठेवावा.' भीमाप्पांनी खाली विचारलं, 'झाल्याबरोबर का? तेव्हा तर तो गरम असतो.' मारुतीराव म्हणाले, 'धुळीसाठी.' भीमाप्पांनी विचारलं, 'धूळ पाच मिनिटांत बसते का?' मारुतीरावांनी उत्तर दिलं नाही. भीमाप्पांनी पुन्हा नुसतं 'का?' एवढंच लिहिलं. त्या दिवशी मारुतीरावांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं आणि अंगठा चुकून लागला असं सगळ्यांना सांगितलं. टॉवेलची टीपही गुपचूप पुसली. सबंध महिन्यात भीमाप्पा एका शब्दानं बोलले नव्हते. रस्त्यात दिसले की हसून नमस्कार करायचे, आणि तेच मारुतीरावांना जास्त झोंबायचं.

आता भीमाप्पांच्या फाटकाशी उभं राहून मारुतीरावांनी फोन काढला आणि त्यांना परत ग्रुपमध्ये घेतलं. आत कुठेतरी फोन टुंग वाजला. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. भीमाप्पांच्या हातात इस्त्री होती. मागं त्यांच्या पत्नी सुलाबाई पांढऱ्या साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"या या, मारुतीराव," भीमाप्पा म्हणाले. "आत्ताच ग्रुपवर घेतलासा. कॉम्प्युटर बंद पडला काय?"

मारुतीरावांनी होकाराची मान हलवली. मग एकदम सगळंच बाहेर पडलं. झेंडू, पाट, निपाणी, बोरगावचे प्राध्यापक, नवीन चपला. शेवटी ते म्हणाले, "आणि भीमाप्पा, तुमाला मी अंगठा चुकून लागून काढलं न्हवतं. मुद्दाम काढलतं."

"ते ठावं हाय की," भीमाप्पा म्हणाले. त्यांनी इस्त्री बंद करून सुलाबाईंच्या हाती दिली. "चला. पाऊण तास हाय अजून."

घरी पोचेस्तोवर पाचाला वीस कमी होती. वाटेत भीमाप्पांनी तीन वेळा थांबून लोकांचे नमस्कार घेतले. गुणाबाईंनी त्यांच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं, कागद आठवून पाहिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांचा हाय, न्हवं? मग आमच्या नियमात न्हाय त्यो. बसा, च्या टाकते."

भीमाप्पांनी डबा उचलून मागच्या टेबलावर घेतला आणि सावकाश स्क्रू काढायला सुरुवात केली. मारुतीरावांनी पाचला पाच कमी असताना मनावर दगड ठेवून फोन पुस्तकांना टेकवला आणि लिंक उघडली. पडद्यावर अडतीस चौकटी आल्या. त्यांत बावीस कपाळं होती, नऊ छताचे पंखे आणि सात पूर्ण चेहरे. मंडळाचे अध्यक्ष आण्णाप्पा, निवृत्त हेडमास्तर, यांचा चेहरा पूर्ण होता.

"मी मागं दिसंन काय?" भीमाप्पांनी हळूच विचारलं.

"न्हाय. मी मधी बसतोय. तुमी झाकला जाता."

आण्णाप्पांनी प्रास्ताविक केलं आणि मारुतीराव सुरू झाले. बोलण्यात ते पटाईत होते. "मित्रहो, घरच्या संगणकाचा पहिला शत्रू म्हणजे धूळ," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मी स्वतः दर तीन महिन्यांनी माझा संगणक उघडून आतून स्वच्छ करतो. आज चार वर्षं झाली, आत धुळीचा कण..." इथं ते टिपण बघायला खाली वाकले.

"अवो सर," एका चौकटीतून मालुबाई नावाच्या सभासद म्हणाल्या, "तुमच्या मागं त्या मिशनीतनं झेंडू निघाला काय?"

मारुतीराव ताठ झाले. "कसला झेंडू? तर मित्रहो, धुळीचा कण..."

"ह्यो दुसरा निघाला," मालुबाई म्हणाल्या. "वाळल्याला हाय."

निपाणीत बावीस कपाळं खाली झुकली आणि तिथं डोळे आले. छताचे पंखे हलले आणि तिथंही चेहरे दिसू लागले. मारुतीराव डावीकडे सरकले की लोकांना भीमाप्पा उजवीकडून दिसायचे, उजवीकडे सरकले की डावीकडून. भीमाप्पा आपल्या कामात रंगले होते. तीस वर्षं पोरांसमोर यंत्रं उघडून दाखवलेला माणूस, त्यांना गप्प बसून काम करणं माहीतच नव्हतं.

"ही यंदाची पाकळी, वली हाय," ते स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणाले. "ही गेल्या सालची. ह्या खालच्या थरात तांदूळ. पंख्यात अडकलेत. ही हळद. आणि ही... कापराची वडी."

"कापूर?" गुणाबाई चहा घेऊन आल्या त्या तशाच टेबलाशी गेल्या. "अगं बाई! ही गेल्या साली हरवलती. मी म्हटलं उंदरानं नेली. लई शिव्या दिल्या त्याला."

अडतीस घरांत एकदम हशा पिकला. मारुतीरावांचे कान तापले. चार वर्षांत त्यांनी हा डबा एकदाही उघडला नव्हता. लोकांना मात्र दर तीन महिन्यांनी उघडायला सांगितलं होतं. आता ते सगळ्यांना दिसत होतं, थराथरानं. त्यांना वाटलं, फोन पालथा घालावा आणि लाईट गेली म्हणून सांगावं.

"सर," आण्णाप्पा म्हणाले, "राग मानू नका, पर जरा बाजूला व्हता काय? मागचं नीट दिसंना."

मारुतीराव बाजूला झाले. ज्या जागेसाठी आठ दिवस घोकलं होतं ती जागा त्यांनी सोडली आणि फोन उचलून टेबलाजवळ नेऊन धरला. पण मारुतीरावांना गप्प राहणं जमेना. भीमाप्पांनी एक बोट पंख्याच्या पात्यावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं दाढीच्या ब्रशनं झाडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आता भीमाप्पांनी पंखा बोटानं धरून ठेवलाय. का धरलाय, भीमाप्पा?"

भीमाप्पांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. "न्हाय धरला तर झाडताना गरागरा फिरतोय आणि खराब हुतोय."

"आणि प्लग का काढलाय?"

"हात आत घालायचा हाय म्हणून."

"सर, ह्या जाळीत उदबत्ती लावली तर चालती काय?" मालुबाईंनी विचारलं. "आमी तिथंच लावतोय."

"न्हाय चालत," भीमाप्पा आणि मारुतीराव एकदमच म्हणाले. गुणाबाईंनी चहाच्या कपात तोंड घातलं.

मग प्रश्न येतच राहिले. टॉवेल झाकावा का, डबा जमिनीवर ठेवावा की टेबलावर, नातवाचे खेळ काढून टाकले तर संगणक जलद चालेल का आणि नातू किती रडेल. मारुतीराव विचारत होते, भीमाप्पा सांगत होते, आणि भीमाप्पांचं आयटीआयचं बोलणं मारुतीराव परत साध्या शब्दांत फोडून सांगत होते. चाळीस मिनिटं कुठं गेली कळलं नाही. शेवटी डबा मिटला, प्लग लावला. अडतीस चेहरे पडद्याला नाक लावून बसले.

"आता बघा," मारुतीराव म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पापडाचा आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. निपाणीत कुणीतरी 'अरारा' म्हणालं, आणि तेवढ्यात सभेची वेळ संपून पडदा काळा झाला.

भीमाप्पांनी डबा परत उघडला. आतली एक तार झाडताना सैल झाली होती. त्यांनी ती अंगठ्यानं दाबली, बटण दाबलं, आणि संगणक मांजरीच्या पावलानं चालू झाला. आवाज नाही, वास नाही. चार वर्षांत तो इतका चांगला कधीच चालला नव्हता. बघायला तिघंच होते.

"एक मिनिट आधी झाला असता तर," मारुतीराव म्हणाले. "गेलं, भीमाप्पा. बोरगावच्या सरांचं सगळं बिनचूक झालतं. आता मला कोण विचारतंय."

गुणाबाईंना फार वाईट वाटलं. नवऱ्याला आपण कागद दाखवला, याचं आता त्यांना कसंसंच होत होतं. "पाटावरची सगळी हत्यारं उचला वाटलं तर," त्या म्हणाल्या. मारुतीरावांनी मान हलवली. आता उचलून करायचं काय?

सहाला फोन आला. आण्णाप्पा. मारुतीरावांनी तो स्पीकरवर लावला.

"सर, सभासदांचं मत झालं," आण्णाप्पा म्हणाले. "तुमालाच घ्यायचं ठरलंय. एकमतानं."

"मला?" मारुतीराव म्हणाले. "अवो, पर माझा कॉम्प्युटर शेवटपर्यंत चालू झाला न्हाय."

"म्हणून तर! प्राध्यापक साहेबांचं सगळं झटक्यात चालू झालं, आणि आमच्या लोकांनी भीतीनं एक प्रश्न विचारला न्हाय. म्हणाले, ह्या माणसासमोर आमचा अडाणीपणा निघंल. तुमचं बघून सगळ्यांना धीर आला. मालुबाईंनी तीन सालं कॉम्प्युटरला हात लावला न्हवता, आत्ता फोन करून सांगितलं, मी चालू केला म्हणून. म्हणाल्या, बिघडला तर बिघडला, सरांचा पण बिघडतोय."

मारुतीरावांना हसावं की रागवावं कळेना. डोळ्यांत मात्र पाणी आलंच. "आणि भीमाप्पा?" त्यांनी विचारलं.

"ते तर पाहिजेतच! ते नसले तर तुमचा बिघाड दुरुस्त कोण करणार?"

भीमाप्पांनी कप खाली ठेवून होकाराची मान हलवली. मारुतीरावांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि खाकरून घसा साफ केला. हेडक्लार्कचा आवाज परत आला होता. "मग आण्णाप्पा, पहिल्या तासाला मी काय काय तयारी करून आणू? सगळं व्यवस्थित लिहून..."

"न्हाय न्हाय, सर," आण्णाप्पा घाईघाईनं म्हणाले. "तुमी तयारी तेवढी करू नका."